बेणेमळा हलविताना
संगणकाच्या मूळ फायली नव्या सर्व्हरवर नेण्याच्या कामाविषयी थोडेसे



गळीत हंगाम संपला, बॉयलर थंड झाला, की कारखान्यात आता काम उरले नाही असे बाहेरून पाहणाऱ्यास वाटते. आपणा सर्वांस ठाऊक आहे की डागडुजीचे खरे काम तेव्हाच सुरू होते. मिलचे रोलर बाहेर निघतात, टर्बाईन उघडले जाते, पंप, गिअर, साखळ्या एकूण एक तपासल्या जातात. हंगामात कारखाना रात्रंदिवस चालवायचा तर त्याचा खोळंबा होईल असे प्रत्येक काम बिगर हंगामातच उरकावे लागते.

अलीकडे या कामाच्या यादीत संगणक विभागाची भर पडली आहे. या विभागाने सध्या हाती घेतलेले एक काम म्हणजे जुन्या सर्व्हरवरील मूळ फायली नव्या सर्व्हरवर नेणे. वार्षिक अहवालात हे काम एका ओळीत येईल. मिल फाउंडेशनचे काम सभासदाला डोळ्यांनी दिसते, नवा काटा बसवला तर तोही दिसतो. हे काम मात्र दिसत नाही. धूर नाही, आवाज नाही. म्हणूनच ते काय आहे, त्यात धोका कोठे आहे आणि आपण त्याविषयी काय विचारावे, हे सभासदांसमोर मांडावे असे आम्हांस वाटले.

याचा आमच्या उसाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध थेट आहे. लागणीची नोंद, तोडणीचा क्रम, काट्यावरचे वजन, त्या वजनाची पावती, उसाचे बिल, सोसायटीची वसुली आणि बँकेकडे जाणारी यादी, ही सारी साखळी आज संगणकावरून चालते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे, वेगळा लेखी करार नसेल तर, ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर सालीना १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. या १४ दिवसांतले तीन-चार दिवस संगणक अडल्यामुळे वाया गेले तर ओढाताण कोणाची होते, हे सांगावयास नको.

मूळ फायली म्हणजे काय?

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणकात दोन प्रकारचा माल असतो. एक म्हणजे आपला हिशेब: कोणाचा किती टन ऊस आला, कोणाला किती पैसे दिले. दुसरा म्हणजे तो हिशेब करणारा प्रोग्राम. येथे आपण ज्या फायलींविषयी बोलत आहोत त्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. काट्याचा प्रोग्राम, हिशेबाचा प्रोग्राम, मराठी अक्षरे उमटविणारे फाँट, पावती छापणाऱ्या प्रिंटरचे ड्रायव्हर, विंडोज आणि तिच्या वेळोवेळी येणाऱ्या सुधारणा, हे सर्व ज्यापासून प्रत्येक संगणकावर बसविले जाते तो मूळ साठा, म्हणजे या मूळ फायली. संगणकाची मंडळी त्यांना ‘सोर्स’ म्हणतात.

बेण्याचे उदाहरण घेतले तर हे चटकन ध्यानात येईल. को ८६०३२ चे बेणे आपण कोठूनही उचलून लावीत नाही. मूलभूत बेण्यापासून पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित, आणि तेथून सभासदाच्या शेतात, अशी त्रिस्तरीय पद्धत आहे. मूळ मळ्यात भेसळ झाली किंवा काणी, गवताळ वाढ यांसारखा रोग शिरला, तर तो पुढे शेकडो एकरांत जातो.

संगणकाचेही असेच आहे. मोठ्या कार्यालयांत हे वाटप करण्यासाठी मायक्रोसॉफ्टचा ‘कॉन्फिगरेशन मॅनेजर’ नावाचा प्रोग्राम पुष्कळ ठिकाणी वापरतात. १९९४ साली तो ‘सिस्टीम्स मॅनेजमेंट सर्व्हर’ या नावाने निघाला. पुढे नाव बदलत गेले. त्यात मूळ फायलींचा एक साठा असतो, तो झाला मूलभूत बेणेमळा. तेथून मुख्य सर्व्हर माल उचलतो आणि ठिकठिकाणच्या वाटप केंद्रांवर पाठवितो, ती झाली पायाभूत बेण्याची पायरी. वाटप केंद्रावरून गट कार्यालयातला, काट्यावरचा, शेती खात्यातला संगणक आपापला माल उचलतो. प्रत्येक टेबलाशी जाऊन माणसाने हाताने प्रोग्राम बसवायची गरज राहत नाही. एकट्या कारकुनाचा संगणक असो की दोनशे संगणक असोत, सगळीकडे एकच वाण लागतो.

हलवायचेच कशाला?

“चालतंय की, मग हात कशाला लावायचा?” असा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांनी आमच्यादेखत संगणक विभागात विचारला. प्रश्न शेतकऱ्याचा आहे आणि रास्त आहे. विभागातला तरुण म्हणाला, “तात्या, जुन्या सर्व्हरची डिस्क झिजती, जागा संपती. आणि त्याच्या विंडोजला कंपनीच्या सुधारणा यायच्या बंद झाल्या, की त्याला राखणच उरत नाही. कुंपण पडलेलं रान.”

हे कुंपण कसे पडते, तेही सांगतो. विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीला ठरलेली मुदत असते. पुष्कळ कार्यालयांत वापरली गेलेली ‘विंडोज सर्व्हर २०१२ आर२’ ही आवृत्ती घ्या. १० ऑक्टोबर २०२३ रोजी तिची नेहमीची मुदत संपली. त्यानंतर सापडणाऱ्या भगदाडांवर जादा पैसे मोजल्याशिवाय कंपनीकडून ठिगळ मिळत नाही.

ठिगळ नसले तर काय होते हे १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्या दिवशी देशोदेशींच्या संगणकांत शिरला. फायली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, हा त्याचा धंदा. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ संस्थांपैकी किमान ८० संस्थांच्या कामाला त्याची झळ लागली, रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ते भगदाड बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच काढली होती. औषध तयार होते, ते सगळ्या संगणकांपर्यंत पोहोचले नव्हते. वाटपाची साखळी धड असणे का जरुरीचे आहे, ते यावरून कळून येते.

पहिली पायरी: ताबा

कामाचा पहिला भाग म्हणजे नक्कल करणे. जुन्या सर्व्हरवरचे फोल्डर जसेच्या तसे नव्यावर उतरवायचे. विंडोजमध्ये यासाठी ‘रोबोकॉपी’ नावाची सोय आहे. मध्येच लाईट गेली, तार सुटली तरी ती जेथे थांबली तेथून पुढे काम उचलू शकते. फायलींच्या तारखा आणि कोणाला कोणती फाईल उघडता येईल याचे हक्क, हेही तिला बरोबर नेता येतात.

येथे तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट हक्कांची. नव्या सर्व्हरवर फाईल आली, पण वाटप करणाऱ्या मुख्य सर्व्हरला ती वाचण्याचा हक्क दिला नाही, तर ती असून नसल्यासारखी. रानात ऊस उभा आहे, पण गाडी जायला वाट नाही, असा तो प्रकार होतो. गंमत अशी की काम करणारा माणूस स्वतः फाईल उघडून पाहतो तेव्हा त्याला ती दिसते, कारण त्याच्या नावावर हक्क असतात. मुख्य सर्व्हर मात्र स्वतःच्या नावाने येतो आणि दारातून परत जातो.

दुसरी गोष्ट नावांच्या लांबीची. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असे करीत गेले, की फाईलचा पूर्ण पत्ता फार लांब होतो. विंडोजमधल्या पुष्कळ जुन्या प्रोग्रामांना २६० अक्षरांपलीकडचा पत्ता वाचता येत नाही. नव्या जागी फोल्डरचे नाव थोडे लांब ठेवले, तरी काही फायली या मर्यादेबाहेर जातात.

तिसरी गोष्ट दिशेची. रोबोकॉपीला ‘आरसा’ करण्याची आज्ञा देता येते. म्हणजे नवी जागा हुबेहूब जुन्यासारखी करायची. जुन्यात जे नाही ते नव्यातूनही पुसून टाकायचे. आज्ञा देताना चुकून जुने आणि नवे यांची अदलाबदल झाली, तर रिकाम्या नव्या फोल्डराचा आरसा जुन्या भरलेल्या फोल्डरावर पडतो आणि जुना साठा साफ होतो. म्हणून ही आज्ञा एकाने लिहावी, दुसऱ्याने मोठ्याने वाचावी, आणि मगच बटण दाबावे. आधी नुसती यादी दाखव, प्रत्यक्ष काही करू नकोस, असेही या सोयीला सांगता येते. ते आधी करून पाहावे.

नक्कल झाली की वजन. आपण नाही का, शंका आली की गाडी बाहेरच्या काट्यावर तोलून आणीत? तसे येथेही आहे. आधी फायलींची संख्या दोन्हीकडे जुळवायची, मग एकूण आकार. त्यानंतर प्रत्येक फाईलचा ‘हॅश’ काढायचा. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा ना. फाईलमधील एक अक्षर जरी बदलले तरी हा ठसा पार बदलतो. दोन्हीकडचा ठसा एक आला, की माल तोच आहे याची खात्री पटते.

ही खातरजमा नीट झाली नाही तर काय होते? अमेरिकेत ‘मायस्पेस’ नावाची कंपनी होती. नवे गायक, वादक आपली गाणी तिच्याकडे ठेवीत. मार्च २०१९ मध्ये असे उघड झाले की सर्व्हर बदलण्याच्या कामात २००३ ते २०१५ या १२ वर्षांतली गाणी नाहीशी झाली आहेत. सुमारे १ कोटी ४० लाख कलाकारांची ५ कोटींहून अधिक गाणी गेली, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. कंपनीजवळ दुसरी प्रत नव्हती. पुढे त्यांतली पाच लाखांच्या जवळपास गाणी परत मिळाली, तीही काही अभ्यासकांनी आपल्या कामासाठी पूर्वी उतरवून ठेवली होती म्हणून. कोट्यवधी गाण्यांपैकी तेवढीच.

दुसरी पायरी: फेरफार

आता खऱ्या अडचणीच्या जागी येऊ. नक्कल झाली, ठसे जुळले, म्हणजे काम झाले असे कोणालाही वाटेल. आपण जमीन खरेदी करतो तेव्हा खरेदीखत होते, ताबा मिळतो, नांगरटही करतो. पण फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर जुन्याचेच नाव असते. पीककर्जाला गेलो की तेव्हा कळते.

कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या दप्तरात प्रत्येक प्रोग्रामसमोर त्याच्या मूळ फायलींचा पत्ता लिहिलेला असतो. या पत्त्यात आधी सर्व्हरचे नाव येते, मग फोल्डरचे. फायली नव्या सर्व्हरवर गेल्या तरी दप्तरातला पत्ता आपोआप बदलत नाही. तो प्रत्येक नोंदीत बदलावा लागतो. नेहमीचे प्रोग्राम, जुन्या पद्धतीची पॅकेजे, ड्रायव्हर, विंडोजच्या प्रतिमा, सुधारणांचे गठ्ठे, या सगळ्यांच्या नोंदी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. एक कप्पा केला आणि दुसरा राहिला, असे सहज होते. शिवाय कधी कोणी घाईत लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीच्या पोटातही जुन्या सर्व्हरचे नाव लपलेले असते. ते कोणत्याच यादीत दिसत नाही. फायलींच्या आत शोध घेऊनच सापडते.

आणि यातली फसगत बघा. पत्ता बदलायचा राहिला तर त्या दिवशी काही म्हणता काही बिघडत नाही. वाटप केंद्रांवर आधी पोहोचलेला माल तसाच असतो, त्यामुळे गट कार्यालयातले संगणक नेहमीप्रमाणे काम करीत राहतात. जुना सर्व्हर बंद करतात. सगळे ठीक आहे असे वाटते. चार महिने जातात. हंगाम ऐन भरात येतो, काट्याच्या प्रोग्राममध्ये काही दुरुस्ती पाठवायची वेळ येते, किंवा एखादे वाटप केंद्र नव्याने उभे करावे लागते. मुख्य सर्व्हर मूळ फायली आणायला जुन्या पत्त्यावर जातो. तेथे कोणी नाही. उन्हाळ्यात राहून गेलेल्या फेरफाराची बोंब अशी डिसेंबरात उठते. बाहेर गाड्यांची रांग, आत पत्त्याचा शोध.

म्हणून या कामात पत्त्यांची यादी हीच मुख्य वस्तू होय. नक्कल सुरू करण्यापूर्वी एकूण एक नोंद आणि तिच्यासमोरचा जुना पत्ता, अशी यादी काढली पाहिजे. नोंदी शेकड्यांनी असतील तर त्या हाताने न बदलता छोटी आज्ञावली लिहून बदलता येतात. परंतु बदलल्यावर तीच यादी पुन्हा काढून, जुन्या सर्व्हरचे नाव एकाही ओळीत उरले नाही हे माणसाने डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. पत्ता बदलला की तो माल वाटप केंद्रांवर पुन्हा पाठविण्याची हालचाल सुरू होऊ शकते. सगळे पत्ते एका संध्याकाळी बदलले तर गट कार्यालयांकडे जाणारी बारीक तार त्या ओझ्याने चोंदून जाते. पाटाला पाणी सोडताना आपण सगळ्या सऱ्यांची तोंडे एकदम उघडत नाही. तसेच दहा-वीस नोंदी बदलाव्या, त्या पोहोचल्या का पाहावे, मग पुढच्या घ्याव्या.

पुढच्या वेळी ही यातायात नको असेल तर त्यालाही उपाय आहे. पत्त्यात प्रत्यक्ष सर्व्हरचे नाव न घालता एक टोपणनाव घालावे, आणि ते टोपणनाव कोणत्या सर्व्हरकडे बोट दाखविते हे एकाच ठिकाणी ठरवावे. मग पुन्हा सर्व्हर बदलला तर एकच नोंद बदलली की भागते. नव्या सर्व्हरवर जातानाच हे करून घेणे शहाणपणाचे, कारण पत्ते तसेही बदलावेच लागणार आहेत.

तिसरी पायरी: शेवटच्या संगणकापर्यंत

वाटप झाले असे पडद्यावर दिसणे आणि ते प्रत्येक संगणकावर पोहोचणे, यांत फरक आहे. एक राहिला तर काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील ‘नाइट कॅपिटल’ या कंपनीची हकीकत सांगण्याजोगी आहे.

या कंपनीचे आठ सर्व्हर शेअर खरेदी-विक्रीच्या आज्ञा पाठवीत. जुलै २०१२ अखेर त्यांवर नवा प्रोग्राम उतरविण्यात आला. सात सर्व्हरवर तो उतरला, आठव्यावर उतरवायचा राहिला. दुसऱ्या माणसाने तपासून पाहावे असा लेखी नियम कंपनीत नव्हता. आठव्या सर्व्हरवर एक जुना, २००३ पासून वापरात नसलेला प्रोग्राम पडून होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडला आणि नव्या कामाच्या खुणेने तो जुना प्रोग्राम जागा झाला. त्याने खरेदी-विक्रीचा सपाटा लावला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांवर व्यवहार झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. गोंधळ आवरताना तर तेथील लोकांनी ज्या सात सर्व्हरवर नवा प्रोग्राम बरोबर होता तेथूनच तो काढून टाकला, त्यामुळे आग आणखी भडकली. बाजार उघडण्यापूर्वीच कंपनीच्या यंत्रणेने चुकीची सूचना देणारे ९७ ईमेल पाठविले होते. ते कोणी धोक्याचे म्हणून पाहिले नाहीत. पुढल्याच वर्षी ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

आपल्या कारखान्याला शेअरबाजाराशी कर्तव्य नाही. पण चार काट्यांपैकी तीन काट्यांवर नवा प्रोग्राम आणि चौथ्यावर जुना, असे झाले तर एकाच दिवशी आलेल्या दोन सभासदांच्या पावत्या दोन पद्धतींनी निघतील. तसे होऊ नये यासाठी संगणकांची यादी हातात घेऊन, एकेकासमोर बरोबरची खूण करीत शेवटच्या संगणकापर्यंत गेले पाहिजे. हंगामाच्या आधी प्रत्येक काट्यावर एक चाचणी पावती काढून पाहणे हे त्याहून उत्तम.

जुना सर्व्हर केव्हा बंद करावा?

नवा बैल गाडीला रुळला नाही तोवर जुना बाजार दाखवू नये, ही रीत येथेही लागू आहे. जुना सर्व्हर एकदम पुसून टाकावयाचा नसतो. प्रथम त्यावरच्या फायली नुसत्या वाचता येतील, बदलता येणार नाहीत, असे करावे. म्हणजे कोणी नकळत नव्याऐवजी जुन्यात दुरुस्ती करीत बसणार नाही. मग काही दिवस त्याच्या दारावर पाळत ठेवावी: अजून कोण या पत्त्यावर येते आहे? जो येईल त्याचा पत्ता बदलावयाचा राहिला आहे, हे उघड आहे. येणारे थांबले की तो बंद करावा, पण लगेच मोडीत काढू नये. एखादी दुरुस्ती नव्या साठ्यातून सर्व संगणकांपर्यंत नीट गेली, म्हणजे मग निरोप द्यावा.

त्याआधी राखीव प्रत तपासली पाहिजे. राखीव प्रत ‘घेतो’ असे सांगणे वेगळे आणि त्या प्रतीतून फाईल परत काढून दाखविणे वेगळे. ‘गिटलॅब’ ही जगभरच्या प्रोग्रामरांच्या मूळ फायली सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका अभियंत्याने, दोन सर्व्हरांपैकी आपण दुसऱ्यावर आहोत अशा समजुतीने, चालत्या सर्व्हरवरचाच हिशेब पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आले, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते. राखीव प्रतीच्या पाच पद्धती कागदावर होत्या. वेळेला त्यांतली एकही धड उपयोगी पडली नाही. एका पद्धतीची प्रत तर रिकामीच निघाली, आणि ती निघत नाही हे कळविणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सुदैवाने सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेली प्रत सापडली, म्हणून कंपनी सावरली. सहा तासांतल्या नोंदी मात्र गेल्या. प्रोग्रामरांच्या मूळ फायली वेगळ्या जागी होत्या, त्या वाचल्या. त्या कंपनीने ही सगळी हकीकत न लपविता प्रसिद्ध केली, हे तिच्याकडून घेण्यासारखे आहे.

सभासदांनी काय विचारावे?

संगणकातले आपल्याला काय कळते, असे म्हणून सभासदाने गप्प बसू नये. बॉयलरमधलेही सगळ्यांना कळत नाही, तरी गाळप का बंद पडले हे आपण विचारतोच. गट बैठकीत किंवा सर्वसाधारण सभेत पुढील प्रश्न विचारण्याचा आपणांस हक्क आहे.

१. मूळ फायलींची नक्कल झाल्यावर संख्या, आकार आणि ठसा, तिन्ही जुळवून पाहिले काय? ती तपासणी दुसऱ्या माणसाने केली काय?

२. सगळ्या पत्त्यांची यादी काढली काय? तीत जुन्या सर्व्हरचे नाव अजून कोठे उरले आहे काय?

३. प्रत्येक काट्यावर व प्रत्येक गट कार्यालयात चाचणी झाली काय?

४. राखीव प्रत कारखान्याबाहेर ठेवली आहे काय? तिच्यातून फाईल परत काढून शेवटची चाचणी कोणत्या तारखेस घेतली?

५. हे काम कसे केले, ते लिहून ठेवले आहे काय? करणारा माणूस उद्या नोकरी सोडून गेला तर दुसऱ्याला ते वाचून समजेल काय?

यांतला पाचवा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ ठिकाणी कोणती फाईल कोठे आहे हे एकाच माणसाला ठाऊक असते. सहकारात दप्तर सर्वांचे असते, ते एकाच्या डोक्यात राहून चालत नाही. चौकटीच्या वहीत का होईना, पण पत्त्यांची यादी, बदलाची तारीख आणि बदलणाऱ्याची सही, एवढे असले पाहिजे.

सभासदांनी स्वतः करण्यासारखेही थोडे आहे. हंगाम सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यात मिळणारी प्रत्येक पावती नीट वाचावी. नाव, गट, सर्व्हे नंबर, वाहनाचा क्रमांक, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन, तारीख, हे आपल्या नोंदीशी ताडून पाहावे. पावती बिल हाती येईपर्यंत जपून ठेवावी. अक्षरे नीट उमटली नसतील, आकडा वेगळा वाटत असेल, तर चिटबॉयशी हुज्जत न घालता त्याच दिवशी गट कार्यालयात दाखवावे. एका सभासदाने वेळीच दाखविलेली पावती संगणक विभागाला दहा दिवसांच्या शोधापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण कोणत्या काट्यावरचा कोणता संगणक मागे राहिला हे तीवरून लागलीच कळते.

गव्हाणीत पहिली मोळी पडण्याअगोदर हे काम सर्व बाजूंनी तपासून पुरे व्हावे आणि संगणक विभागातील मंडळींना त्यात यश यावे, अशी आपणा सर्वांच्या वतीने आम्ही इच्छा व्यक्त करतो.

जय सहकार!